उपकरणाला पाणी लावायचं नाही

३ मार्च, सोमवार

आज माझी भूकच मेली.

लेकीला सातवा महिना लागला, तिची तपासणी होती. जावई दौऱ्यावर, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको बरोबर गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या सगळं छान आहे, विश्रांती घ्या, आणि निघताना एक माहितीपत्रक हातात ठेवलं. गरोदरपणात अन्नातून होणारे आजार. लेकीनं घडी घालून पर्समध्ये टाकलं. हिनं त्यावरच्या चित्रातली बाई बघितली आणि म्हणाली, काय तजेला आहे तोंडावर. मी ते मागून घेतलं आणि घरी येऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आमच्या घरात वाचणारा मी एकटाच.

असा एक जंतू आहे जो फ्रिजमध्येसुद्धा वाढतो. फ्रिजमध्ये! आजवर माझी समजूत होती की दार लावलं की विषय संपला. आईला नुसती कणकण येते, अंग मोडून येतं, आणि बाळाला... पुढचं वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

लेक शनिवारपासून आमच्याकडे राहायला येणार. तिच्या घरातले पाइप फुटलेत, भिंती फोडून ठेवल्यात. म्हणजे तिच्या पोटात जे काही जाईल ते आमच्या फ्रिजमधून जाईल.

पत्रकात चार मुद्दे आहेत. हात आणि भांडी धुवा. कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा. नीट शिजवा. थंड ठेवा. पहिले दोन शेंबड्या पोरालाही कळतात, त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरं शास्त्र पुढच्या दोनांत. तापमान! तापमान म्हणजे मोजमाप, आणि मोजमाप म्हणजे मी. कारखान्याच्या मापन विभागात माझं आयुष्य गेलं. माझ्या सहीशिवाय तिथून एक स्क्रू बाहेर पडत नव्हता.

निश्चय: मोजल्याशिवाय एकही घास लेकीच्या तोंडात जाणार नाही.

४ मार्च, मंगळवार

फ्रिज रिकामा केला. आत काय काय होतं ते लिहवत नाही. एका डब्यात काहीतरी हिरवं होतं. चटणी असेल म्हणून हिला विचारलं, तर ती म्हणाली तो भात होता.

भात! शिजवलेला भात बाहेर राहिला तर त्यातही जंतू होतात, आणि ते विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. आणि आम्ही वर्षानुवर्षं सकाळचा भात रात्री खात आलो. आपण जिवंत कसे, हाच प्रश्न आहे. हिला विचारला. म्हणाली, मी वेळेवर डब्यात घालून आत ठेवते म्हणून. तुम्ही बाहेर विसरता तो टाकून देते, तुम्हाला सांगत नाही एवढंच.

तापाचा थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवून बघितला. त्यावर नुसतं 'लो' येतं. ही म्हणाली, चला, निदान फ्रिजला ताप तरी नाही.

हिला गांभीर्य नाही. उद्या बाजारात जाऊन खरं उपकरण आणतो.

५ मार्च, बुधवार

आणलं! स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर. लांब स्टीलची सुई, सुईच्या टोकाला सेन्सर, वर छोटा पडदा. हातात घेतल्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा ताठ उभा राहिलो. सोबतचं माहितीपुस्तक वाचलं नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना उपकरणं वापरायला शिकवली त्यानं काय वाचायचं? फ्रिज डाव्या बाजूला कलतो, दार आपोआप उघडतं, त्याच्या पायाखाली ते पुस्तक बरोब्बर बसलं.

बर्फाच्या पाण्यात सुई धरून शून्य तपासलं. (हे तांत्रिक पाणी. धुण्याचं नव्हे.) नंतर पिवळ्या फडक्यानं हळुवार पुसून खिशात ठेवलं. हे फ्लॅनेलचं फडकं माझ्या विभागातलं. निरोपसमारंभात लोक घड्याळं घेतात, मी फडकं मागून घेतलं. विभागात भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं होतं: उपकरणाला पाणी लावायचं नाही. गंज चढतो. मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं. किती पोरांना हे शिकवलं! माझ्या हातचं एकही उपकरण कधी गंजलं नाही.

फ्रिज नऊ अंश. पाहिजे पाचच्या खाली. बटण फिरवलं. आता चार. या एका बटणानं किती जीव वाचले असतील, देव जाणे.

८ मार्च, शनिवार

लेक आली. जावई सोडायला आले होते, दौऱ्यावरून आल्या आल्या. लेकीच्या पोटाकडे बघितलं आणि मला एकदम गलबलून आलं. तिच्या सुपात सुई घातली. अठ्ठावन्न. परत पाठवलं. उकळून आणलं, ब्याण्णव. ठीक. तिला प्यायला देईपर्यंत पुन्हा पंचावन्न झालं. परत पाठवलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आता तुम्हीच या आणि भांड्यात बसा.

लेक हसत होती. मला इन्स्पेक्टर म्हणते. शेवटी सूप गारच प्यायली.

जावयांनी क्रीमचा केक आणला होता. मोजला. एकोणीस अंश! क्रीम, अंडी, गाडीतला प्रवास. मी तो तिथल्या तिथे जप्त केला. जावयांचं तोंड उतरलं, पण इथे तोंडं बघत बसायची नाहीत. टाकायला घेऊन गेलो. जिन्यात थोडा चाखून बघितला, कितपत धोकादायक आहे ते कळावं म्हणून. मग डबा हलका करण्यासाठी अजून थोडा.

दुपारी लेक झोपली होती. दारात उभा राहून बघत होतो. एवढीशी असताना सायकल धरून मागे पळायचो, तशीच भीती वाटते. सोडलं की पडेल.

९ मार्च, रविवार

कोंबडीच्या दुकानात स्वतः गेलो. हिच्यावर सोपवायची ही कामं नव्हेत. कोंबडीवाल्यानं कापलेली कोंबडी समोर ठेवली. मी खिशातून उपकरण काढलं आणि मांडीत सुई खुपसली. अकरा अंश. म्हटलं, ही गरम आहे. तो म्हणाला, साहेब, मग क्रोसिन देऊ का तिला? रांगेतली सगळी हसली. हसू देत. आतल्या फ्रीजरमधली काढायला लावली, तिच्यात घातली. तीन. उत्तम. सुई फडक्यानं पुसली, खिशात.

घरी ही कोंबडी नळाखाली धुवायला निघाली. हात धरला! कच्ची कोंबडी धुवायची नसते. पाण्याचे शिंतोडे उडतात आणि जंतू ओट्यावर, ताटल्यांवर, सगळीकडे जातात. पत्रकात स्पष्ट छापलंय. हिनं वाचलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, हे मात्र बरोबर दिसतंय. एकूण धुण्यावर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. आज शास्त्रानं दुजोरा दिला.

शिजताना जाड भागात सुई. एकसष्ट. थांबा. अडुसष्ट. थांबा. सत्त्याहत्तर. आता बोला! चौऱ्याहत्तरच्या वर जंतू वाचत नाही. मग कापून ठेवलेलं खरबूज राहिलं होतं, कापलेलं फळही थंडच पाहिजे. तीन-चार फोडींत सुई घालून बघितली. सगळीकडे पाच. ही म्हणाली, खरबुजाला कशाला भोकं पाडताय? तिला नमुना तपासणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

लेकीला जळजळ होत होती. तिनं खरबूज घेतलं नाही. आम्ही दोघांनी खाल्लं.

११ मार्च, मंगळवार

पोट.

पुन्हा पोट.

नंतर लिहीन.

१२ मार्च, बुधवार

थोडं बरं. रात्रभर थंडी वाजत होती. आयुष्यात एवढे हेलपाटे कधी घातले नव्हते, आणि तेही एकाच खोलीकडे.

कारण सापडलं. केक! जावयांचा केक. एकोणीस अंश म्हणजे एकोणीस अंश. मी तो जप्त केला नसता तर आज लेक या अवस्थेत असती. अंगावर काटा आला. मी तिच्या वाटचं विष पचवलं म्हणायचं.

जावयांना फोन केला. क्रीम कुठून घेतलं, किती वेळ गाडीत होतं, विचारलं. ते म्हणाले, पण बाबा, तुम्ही तर केक टाकून दिला होता ना? मी म्हटलं आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

१३ मार्च, गुरुवार

हिलाही झालं. सकाळपासून पडून आहे.

केकच्या सिद्धांताला थोडी अडचण आहे, कारण हिनं केक खाल्ला नव्हता. निदान म्हणते तरी तसं. स्पष्टच विचारलं, जिन्यातला डबा तू उघडला होतास का? तिनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. त्यावरून काय समजायचं ते समजलो.

पण खरं सांगायचं तर घाबरलोय. घरात काहीतरी आहे. मला दिसत नाही, पण आहे. दारामागे आहे की नळात, की त्या लाकडी पाटावर? पाट फेकून दिला. झाडू बदलला. लेकीला तिच्या खोलीतून बाहेर येऊ देत नाही. ती म्हणाली, बाबा, मला नुसतं पाय मोकळे करायचेत. म्हटलं, खोलीतल्या खोलीत कर.

आता स्वयंपाक मी करणार. काही बिघडत नाही. मी असताना काय बिघडणार?

१४ मार्च, शुक्रवार

जावयांचा फोन. त्यांची बहीण मोकळी आहे, तिच्याकडे जागा आहे, घरात दोघं आजारी आहेत तर थोडे दिवस लेकीला तिकडे पाठवू या, असं म्हणत होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमच्या बहिणीकडे थर्मामीटर आहे का? नाही म्हणाले. मग विषय संपला. या घरात प्रत्येक घास मोजला जातो. जगाच्या पाठीवर यापेक्षा सुरक्षित जागा तिला मिळणार नाही.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. मग फोन हातात घेऊन नवऱ्याला म्हणाली, राहते मी इथे, बाबांना बरं वाटेल.

बघा! पोरीचा माझ्यावर किती विश्वास.

१६ मार्च, रविवार

लेकीच्या अंगात ताकद यायला पाहिजे, म्हणून पुन्हा कोंबडी. कोंबडीवाल्यानं मला लांबूनच बघितलं आणि आतल्या माणसाला म्हणाला, डॉक्टर आले, पेशंट बाहेर काढ. यावेळी धोका पत्करला नाही. छाती, मांडी, पाठ, सगळीकडे सुई घातली. सगळीकडे चारच्या आत. फडकं, खिसा, घर.

फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूत सुई फिरवली. दूध, लोणी, काकडी, खरबूज. मग कोंबडी शिजवली. मीठ राहिलं, पण ब्याऐंशी अंश. चव ही मोजता न येणारी गोष्ट आहे, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

ही अजून मऊ भातावर. माझं पोट अजून कच्चं, म्हणून मीही भातच घेतला. लेकीनं कोंबडी खाल्ली, एवढ्या अंशांची कोंबडी तिला दुसरीकडे कुठे मिळणार. खरबूज बघून मात्र ती घुटमळली. म्हणाली, बाबा, याला भोकं का पडलीत? म्हटलं, खा बिनधास्त. मी स्वतः मोजलंय.

सगळी वाटी संपवली गुणी पोरीनं.

१८ मार्च, मंगळवार, सकाळ

तिला ताप आहे. पहाटेपासून उलट्या, जुलाब. ओठ सुकलेत.

तापाचा थर्मामीटर सापडत नव्हता. मी खिशातलं उपकरण काढलं, तर ही माझ्यावर एवढ्या जोरात ओरडली की उपकरण हातातून पडलं. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तापाचा थर्मामीटर फ्रिजमध्ये निघाला. मीच ठेवला होता.

रिक्षा येतेय. बाळ हलत नाहीये असं लेक म्हणाली. म्हणजे कमी हलतंय. हलतंय, पण कमी.

देवा.

१८ मार्च, दुपार

दवाखान्याच्या बाकावर. ही आत आहे. मला बाहेर बसवलंय, कारण मी नर्सबाईंना सलाइन किती अंशांचं आहे ते विचारलं.

एकदाच आत सोडलं. तिच्या पोटाला पट्टा बांधलाय, बाजूला यंत्र आहे, त्यावर बाळाच्या ठोक्यांचा आकडा येतो. एकशे सेहेचाळीस. मग एकशे एकोणचाळीस. मग एकशे बावन्न. आकडा हलत होता आणि चांगलं की वाईट मला कळत नव्हतं. जन्मभर आकडे बघितले. कुठलाही आकडा दाखवा, पास की फेल लगेच सांगायचो. आज शेजारच्या सफाईवालीला विचारलं, हा आकडा बरा आहे का? ती म्हणाली, मला काय ठाऊक, डॉक्टरला विचारा.

लेक डोळे मिटून पडली होती. मला बघून हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, इन्स्पेक्टर आले.

बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. फार भीती वाटते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. तिला काही झालं तर मी काय करू? मी काय करू?

१९ मार्च, बुधवार

ताप उतरतोय. बाळ ठीक. एकशे चाळीसच्या आसपास म्हणजे ठीक असतं, आता माहीत झालं. उलट्या थांबल्या. जावई सकाळीच पोचले. माझ्याशी नीट बोलले, त्याचाच जास्त त्रास झाला.

डॉक्टरबाई आल्या आणि गेल्या काही दिवसांत तिनं काय काय खाल्लं ते विचारलं. हीच वेळ होती! मी उभा राहून सगळं सांगितलं. सुपाचे ब्याण्णव, कोंबडीचे ब्याऐंशी, फ्रिजचे चार, खरबुजाचे पाच. एकाही आकड्यावर अडखळलो नाही. बाई ऐकत राहिल्या. म्हणाल्या, इतकी काळजी घेणारे वडील मी पहिल्यांदाच बघतेय. मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, म्हणजे बाई, दोष घराचा असूच शकत नाही. आमचा पूर्वीचा आजार केकचा. आणि यावेळी तर तोच फ्रिज, तेच दूध, आम्हा दोघांना काहीच नाही. बाईंनी विचारलं, मग असं काय आहे जे फक्त तुमच्या लेकीनं खाल्लं? कोंबडी आणि खरबूज, मी म्हटलं. कोंबडी तर ब्याऐंशी. खरबूज पाच. दोन्ही नियमात.

त्या म्हणाल्या, बघू तुमचा थर्मामीटर.

मी खिशातून फडकं काढलं, फडक्यातून उपकरण काढलं, सवयीनं सुईवरून एकदा फडकं फिरवलं आणि पुढे केलं. बाईंनी हात पुढे केला होता तो मागे घेतला. फडक्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, बाजारात कच्च्या कोंबडीतही हाच घालता? मी म्हटलं अर्थात, सुरुवात तिथूनच. मग घरी खरबुजात? म्हटलं, हाच. त्या म्हणाल्या, आणि मधे धुता कशानं?

मी हसलो. मला खरंच हसू आलं. एवढ्या शिकलेल्या बाई. त्यांना समजावून सांगितलं की बाई, उपकरणाला पाणी लावायचं नाही.

सलाइन ठिपकत होतं. जावयांनी खाली मान घातली. हिनं डोळे मिटून घेतले. लेक माझ्याकडे बघत होती, आणि रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

बाईंचं म्हणणं मला तितकंसं पटलेलं नाही. सुईच्या टोकावर किती मावणार? तपासणीत कोंबडीतला जंतू निघाला हे खरं. पण शिजलेल्या कोंबडीत तो मेला होता, मी मारला होता, ब्याऐंशी अंशांवर. हे कुणी लक्षातच घेत नाही.

२० मार्च, संध्याकाळ

म्हणजे बाजारातल्या कोंबडीतून सुईवर. सुईवरून फडक्यावर. फडक्यातून पुन्हा सुईवर. सुईतून खरबुजात, आत, जिथे पाणी लावूनही निघणार नाही. शिजलेल्यात जाऊन मरतो, पण खरबूज कोण शिजवतं? आणि पहिल्यांदा आम्ही दोघांनी तेच खाल्लं होतं.

ही माझ्या उशाशी बसून हेच पुन्हा पुन्हा सांगत होती, हळू आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं. शेवटी म्हणाली, अहो, तुम्ही काही मुद्दाम नाही केलं. त्या वाक्यावर मला रडू आलं.

खा बिनधास्त, मी स्वतः मोजलंय. असं म्हटलं होतं मी.

२२ मार्च, शनिवार

सोडलं. लेक जावयांच्या बहिणीकडे गेली. दवाखान्याच्या दारातून गाडी सरळ तिकडे. कुणी मला विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. गाडीची काच खाली करून लेक म्हणाली, बाबा, थोड्या दिवसांनी या. हात धुऊन या.

घरी आल्यावर हिनं चिमट्यानं माझं पिवळं फडकं उचललं, पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि बाहेर नेऊन टाकलं. मी बघत होतो. एवढ्या वर्षांचं फडकं. पण अडवलं नाही.

२३ मार्च, रविवार

निश्चय: आजपासून धुवायचं.

उपकरण कोमट पाण्याच्या भांड्यात साबण घालून पूर्ण बुडवलं. अर्धा तास ठेवलं, कसर नको. काढलं तर पडदा कोरा. बटण दाबलं, कोरा. आत पाणी दिसतंय, बुडबुड्यासकट.

ही म्हणाली, अहो, नुसती सुई धुवायची असते. वरचं कशाला बुडवलं?

उपकरणाला पाणी लावायचं नाही, हे मी सुरुवातीपासून सांगत होतो. पण हे आज तिला बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. फ्रिजच्या पायाखालचं पुस्तकही काढायला गेलो नाही. दार पुन्हा उघडं राहिलं तर?

३० मार्च, रविवार

आज बोलावलं.

जावयांच्या बहिणीनं दार उघडलं आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बेसिनकडे बोट दाखवलं. धुतले. ती टॉवेल घेऊन मागे उभी. म्हणाली, काका, नखंसुद्धा. नखं धुतली. अंगठे राहिले म्हणाली. अंगठे धुतले. माझ्या विभागात नव्या पोराच्या मागे मी असाच उभा राहायचो.

लेकीच्या तोंडावर तुकतुकी आलीय. टेबलावर कापलेल्या खरबुजाची ताटली होती. किती वेळ बाहेर आहे, फ्रिजमधून कधी काढलं, हे विचारायला तोंड उघडलं, हिनं पायावर पाय दिला. तोंड मिटलं. खिशाकडे हात गेला, खिसा रिकामा होता.

लेक म्हणाली, या इकडे. माझा हात तिनं हातात घेतला. आधी नाकाशी नेऊन वास घेतला. साबणाचा आला असावा, कारण मग तो तिनं आपल्या पोटावर ठेवला. मी श्वास रोखून बसलो. थोडा वेळ काहीच नाही. माझी पुन्हा घाबरगुंडी उडायला लागली. विचारणार होतो की दिवसातून किती वेळा हलतं, तेवढ्यात आतून अशी सणसणीत लाथ बसली की मी हात मागे घेतला.

ही म्हणाली, ओळखलं बरं आजोबांना.

लेक म्हणाली, हो ना, म्हणूनच लाथ मारली.

सगळे हसले. मीही हसलो. मग लेकीनं हात पुन्हा ओढून तिथेच ठेवला, आणि निघेपर्यंत मी तो काढला नाही.